सैल हाताची पारख

डीएनएच्या चार बेसपैकी एक म्हणजे सायटोसिन. त्याच्या कड्याला एका जागी अमिनो गट जोडलेला असतो. पेशीतल्या पाण्याचा एखादा रेणू नेमका तिथे येऊन धडकला की तो गट निसटतो, त्याच्या जागी ऑक्सिजन येऊन बसतो आणि सायटोसिनचं युरॅसिल होतं. याला किरणोत्सर्ग लागत नाही, तंबाखूचा धूर लागत नाही, कसलं विषही लागत नाही. पाणी आणि ३७ अंशांची ऊब एवढं पुरतं. माणसाच्या एकेका पेशीत दिवसाकाठी अशी १०० ते ५०० सायटोसिन बिघडतात, असा टोमस लिंडाल यांचा अंदाज आहे. म्हणजे हे पान वाचून होईपर्यंत तुमच्या शरीरात अब्जावधी सायटोसिन बिघडलेली असतील.

बिघाड दिसायला किरकोळ असला, तरी त्याचे परिणाम किरकोळ नाहीत. सायटोसिनची जोडी ग्वानिनशी जमते. युरॅसिल मात्र थायमिनसारखं वागतं आणि अॅडेनिनशी जोडी जमवतं. पेशी विभागण्यापूर्वी डीएनएची प्रत निघते, तेव्हा या युरॅसिलसमोर अॅडेनिन बसवलं जातं. पुढच्या फेरीत त्या अॅडेनिनसमोर थायमिन येतं. मूळचं सायटोसिन कायमचं गेलं, आणि आता चूक झाली होती हे ओळखायची खूणही उरली नाही. जे काही करायचं ते प्रत निघण्याआधीच करायला हवं.

ते काम करणारा एन्झाइम लिंडाल यांनी १९७४ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत काम करताना ई. कोलाय जिवाणूत शोधून काढला. त्याचं नाव युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज. या प्रकरणात त्याला यूएनजी म्हणू. यूएनजी युरॅसिल आणि साखर यांच्यातला बंध तोडतो, युरॅसिल मोकळं होतं, आणि रिकाम्या जागेवर इतर एन्झाइम येऊन नवं सायटोसिन बसवतात व सांधा जुळवतात. डीएनए हा आपणहून टिकणारा भक्कम रेणू आहे, हा त्या काळचा समज. तो टिकत नाही, सतत दुरुस्तीवर जगतो, हे लिंडाल यांनी दाखवून दिलं. या कामासाठी २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना पॉल मॉड्रिच आणि अझीज सँकार यांच्याबरोबर मिळालं.

हे सगळं ठीक. पण एक साधा प्रश्न विचारला की गाडी अडते. यूएनजीला युरॅसिल सापडतं कसं?

पेशीतल्या गुणसूत्रांचे दोन्ही संच धरले तर बेसच्या जोड्या सुमारे ६०० कोटी भरतात. त्यातल्या शे-पाचशे बिघडलेल्या. त्यातही बिघाड असा की युरॅसिल आणि थायमिन यांच्यात फरक फक्त एका मिथिल गटाचा, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की बेस बाहेर नसतातच. डीएनएच्या बाहेरच्या अंगाला साखर आणि फॉस्फेट यांचा कणा असतो, आणि बेस आत एकावर एक रचलेले असतात. कणा सगळीकडे सारखाच. बाहेरून पाहणाऱ्या एन्झाइमला ज्या बेसवर काम करायचं तो समोर दिसतच नाही, आणि ज्या बंधाला तोडायचं तिथवर त्याचा हात पोचत नाही.

एन्झाइम आपलं लक्ष्य कसं ओळखतो याचं एक उत्तर एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये दिलं होतं: कुलपात किल्ली बसावी तसा. शाळेच्या पुस्तकांतून ही उपमा आजही शिकवली जाते, आणि पचनाच्या एन्झाइमांची पहिली ओळख करून द्यायला ती चालतेही. पण डीएनएच्या दुरुस्तीपाशी ती कोलमडते. इथे किल्ली भिंतीच्या आत पुरलेली आहे.

किल्ली बाहेर येते, हे कळायला १९९४ साल उजाडावं लागलं. सॉलियस क्लिमाशाउस्कस, रिचर्ड रॉबर्ट्स, शाओदाँग चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएवर मिथिल गट चढवणाऱ्या एका जिवाणू-एन्झाइमची क्ष-किरण रचना डीएनएसकट मिळवली. त्या रचनेत एक सायटोसिन डीएनएच्या रांगेतून पूर्ण बाहेर वळलेलं होतं आणि एन्झाइमच्या पोटात शिरलेलं होतं. आजूबाजूचे बेस आपापल्या जागी. फक्त एकाच बेसने कण्याभोवती अर्धी गिरकी घेऊन डीएनएकडे पाठ केली होती. डीएनए इतका वळू शकतो, हे त्याआधी कुणी असं डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

दोनच वर्षांत, १९९६ मध्ये, माणसाच्या यूएनजीचं तसंच चित्र आलं. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमचा हान्स क्रोकान यांचा गट आणि कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतला जॉन टेनर यांचा गट, या दोघांचं ते काम. हे चित्र जरा थांबून पाहण्यासारखं आहे.

यूएनजी हे लहानसं प्रथिन आहे. त्याच्या एका बाजूला डीएनएच्या जाडीची खाच आहे आणि खाचेच्या तळाशी खोल कप्पा. डीएनए खाचेत बसला की प्रथिनाची काही वळणं, ज्यांत सेरीन आणि प्रोलीन ही अमिनो आम्लं आहेत, कण्यातल्या फॉस्फेटांना दोन्हीकडून चिमटा घेतात. त्या चिमट्याने कणा आक्रसतो आणि डीएनए सुमारे ४५ अंशांत वाकतो. युरॅसिल बाहेर वळून कप्प्यात उतरतं. त्याच्या मागे डीएनएच्या रांगेत जी पोकळी पडली, तिच्यात प्रथिनाचं २७२ व्या क्रमांकाचं ल्युसीन शिरतं आणि वाट बंद करतं. बेसला परत फिरायला जागाच उरत नाही. आणि हे सगळं होताना प्रथिनाचे दोन भाग एकमेकांच्या जवळ सरकतात. डीएनएवाचूनच्या यूएनजीची रचना आधीच माहीत होती. ती उघडी होती. डीएनएवर बसलेली रचना मिटलेली.

कप्प्याच्या आत काय आहे, तेही पाहू. १४७ व्या जागेवरच्या टायरोसीनचं कडं कप्प्यात असं उभं आहे, की थायमिन आत येऊ लागलं तर त्याचा मिथिल गट त्या कड्यावर आपटतो. २०४ व्या जागेवरचं अॅस्परॅजिन युरॅसिलच्या कडेशी हायड्रोजन बंध जुळवतं, सायटोसिनच्या कडेशी ते बंध जुळत नाहीत. ट्रॉनहाइमच्या गटाने त्याच वर्षी याची कसोटी घेतली, आणि ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत धीट वाटते. त्यांनी टायरोसीनच्या जागी अॅलनीन हे छोटं अमिनो आम्ल घातलं. एन्झाइम थायमिन तोडू लागला. अॅस्परॅजिनच्या जागी अॅस्पार्टिक आम्ल घातलं. एन्झाइम सायटोसिन तोडू लागला. एकेका अमिनो आम्लाच्या फरकाने दुरुस्ती करणारं प्रथिन चांगला डीएनए कुरतडायला लागलं.

इथे कुणी म्हणेल, मग फिशर बरोबरच होते की. शेवटी कप्पा आणि त्यात बसणारा बेस, हेच कुलूप आणि हीच किल्ली. अगदी शेवटच्या क्षणापुरतं ते खरं आहे. पण कप्प्याची परीक्षा बेस कप्प्यापर्यंत पोचल्यावर होते. ६०० कोटींतला प्रत्येक बेस बाहेर ओढून, वळवून, कप्प्यात घालून पाहायचा म्हटलं तर काम कधी संपायचंच नाही. मग कोणता बेस बाहेर काढायचा, हे ठरवतं कोण?

काही वर्षं उत्तर असं मानलं जाई की एन्झाइमच जोर लावून बेस बाहेर ढकलतो. ल्युसीन आत घुसतं आणि बेसला हुसकून लावतं. नंतरच्या प्रयोगांनी या चित्राची दिशाच फिरवली.

डीएनएतल्या जोड्या कायम बंद नसतात. उष्णतेच्या धक्क्यांनी त्या स्वतःहून उघडतात आणि मिटतात. अॅडेनिन-थायमिनची जोडी काही हजारांश सेकंदांनी एकदा उघडते. उघडी राहते ती मात्र सेकंदाच्या अब्जांशांत मोजावी इतका अल्प काळ. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्टायव्हर्स आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय अनुस्पंदनाने, म्हणजे एनएमआरने, ही उघडझाप मोजली. एकदा नुसत्या डीएनएत, एकदा यूएनजी सोबत असताना. यूएनजीमुळे जोडी उघडण्याचा वेग वाढत नाही, असं दिसलं. फरक पडतो तो मिटण्याच्या वेगात. यूएनजी उघडलेल्या जोडीला मिटू देत नाही. बेस आपणहून डोकावतो, आणि एन्झाइम त्याला त्या क्षणी धरतो.

२००७ मध्ये याच गटाने एक रचना प्रसिद्ध केली. तिच्यात थायमिन अर्ध्या वाटेवर धरलेलं आहे. रांगेतून बाहेर आलंय, पण कप्प्यात गेलेलं नाही, कप्प्याच्या अलीकडे एका उथळ जागी टेकलंय. तिथून पुढे जायचं की माघारी, याचा निर्णय तिथे होतो. थायमिन असेल तर परत. युरॅसिल असेल तर पुढे, कप्प्यात. आणि ग्वानिनसमोर चुकून बसलेल्या युरॅसिलची जोडी मुळातच लुळी असते, ती जास्त सहज उघडते. त्यामुळे अर्ध्या वाटेवर येण्याची त्याला संधी जास्त मिळते.

आता एन्झाइमच्या बाजूने विचार करू. ज्याला अब्जांश सेकंदापुरता डोकावणारा बेस धरायचाय, त्याचं अंग कसं असावं?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, आणि साखळीतले अनेक बंध फिरू शकतात. किती फिरू शकतात याची सीमा मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये आखून दिली. कुठले कोन शक्य, कुठले अशक्य, हे दाखवणारा त्यांचा आलेख आज जगभर प्रथिनांची रचना तपासायला वापरतात. त्या आलेखात पाहण्याजोगी गोष्ट अशी की मोकळीक मर्यादित आहे, पण आहे. साखळीचे घट्ट वळलेले भाग फारसे हलत नाहीत. त्यांना जोडणारी वळणं हलतात, दोन भाग बिजागरीवर फिरावेत तसे एकमेकांकडे झुकतात. ही हालचाल थांबत नाही. पेशीच्या तापमानाला स्थिर प्रथिन नावाची वस्तूच नसते.

आणि इथे एक पेच उभा राहतो. डीएनएवर भराभर सरकायचं असेल तर पकड सैल हवी. घट्ट धरणारा एन्झाइम जागचा हलणार नाही. पण चुकीचा बेस सापडला की त्याच क्षणी पकड घट्ट हवी, नाहीतर तो हातचा जाईल. एकाच ठाम आकाराच्या प्रथिनाला या दोन्ही गोष्टी साधत नाहीत. मायकेल स्लुत्स्की आणि लिओनिद मिर्नी यांनी २००४ मध्ये हा पेच गणिताने मांडला आणि सुटकेची वाटही दाखवली. प्रथिनाला दोन अवस्था हव्यात, शोधण्याची एक आणि ओळखण्याची एक, आणि दोन्हींत झटकन ये-जा करता यायला हवी. ताटात तांदूळ पसरून निवडणारी बाई बोटं दाण्यांवरून हलकी फिरवते. खड्यापाशी तीच बोटं चिमटीत येतात. सबंध वेळ चिमूट आवळून ठेवली तर तांदूळ निवडून होणार नाहीत, आणि चिमूट घालताच आली नाही तर खडा भातात जाईल.

यूएनजीत अशा दोन अवस्था खरोखर आहेत का? स्टायव्हर्स यांच्या गटाने २००९ मध्ये पुन्हा एनएमआरनेच याचा मागोवा घेतला. अणूंच्या केंद्रकांचे संकेत कसे मावळतात यावरून रेणूचा कुठला भाग कुठल्या गतीने हलतो, हे या तंत्राने कळतं. निष्कर्ष अनपेक्षित होता. मोकळ्या यूएनजीत हजारांश सेकंदांच्या टप्प्यातली हालचाल दिसलीच नाही. पण त्याला साधा, एकही युरॅसिल नसलेला डीएनए दिला, आणि ती हालचाल सुरू झाली. बेसची जोडी उघडते त्याच काळाच्या पट्टीवर. चांगल्या डीएनएवर बसलेला एन्झाइम जणू उघडझाप करत राहतो, आणि ही उघडझाप बेसच्या उघडझापेशी जुळलेली असते.

मला या निष्कर्षाचं मोल फार वाटतं. आपण समजतो की एन्झाइमला कामाला लावतो तो बिघाड. इथे चांगला डीएनएच एन्झाइमला शोधाच्या अवस्थेत आणतो. निरोगी डीएनएशी होणारी गाठ म्हणजे वाया गेलेला वेळ, असं वरवर वाटेल. प्रत्यक्षात तीच गाठ एन्झाइमला सैल आणि सावध करते.

हाच प्रश्न आपल्याकडे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत दुसऱ्या अंगाने हाताळला गेला. उमेश वार्ष्णेय यांनी यूएनजीवर दीर्घ काळ काम केलंय, आणि एम. विजयन हे भारतातल्या प्रथिन-स्फटिकशास्त्राचे अध्वर्यू होते. त्यांनी क्षयाच्या जिवाणूचा यूएनजी घेतला. २०१५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाच निरनिराळ्या प्रकारच्या स्फटिकांतून एकूण १७ रचना मांडल्या. एकाच प्रथिनाच्या १७ रचना कशाला, असं वाटेल. पण स्फटिकातलं प्रथिन म्हणजे हलत्या गोष्टीचं थांबवलेलं चित्र. चित्रं जितकी जास्त, तितकी हालचाल उमगते. त्या १७ रचनांत प्रथिनाचे दोन भाग कुठे उघडे होते, कुठे मिटलेले. स्थानिक हालचाल मात्र सगळ्या रेणूभर पसरलेली नव्हती. ती ३२ अमिनो आम्लांच्या एका पट्ट्यात एकवटलेली होती, आणि डीएनए धरण्यात मोठा वाटा नेमका त्याच पट्ट्याचा आहे.

यावरून त्यांनी असं सुचवलं की मिटलेला आकार डीएनए आल्यावर नव्याने घडत नाही. तो प्रथिनाच्या नेहमीच्या उघडझापीत आधीच अधूनमधून येत असतो, आणि डीएनए त्याला निवडतो. डॅनियल कोशलँड यांनी १९५८ मध्ये मांडलेलं मत याहून वेगळं होतं. लक्ष्य आल्यावर एन्झाइम त्याच्याभोवती स्वतःला जुळवून घेतो, असं ते म्हणत. बाल्टिमोरचा निष्कर्ष कोशलँड यांच्या बाजूला झुकतो, बेंगळुरूचा दुसऱ्या. एक प्रथिन माणसाचं आहे, दुसरं क्षयाच्या जिवाणूचं. एकाकडे द्रावणात पाहिलंय, दुसऱ्याकडे स्फटिकात. त्यामुळे हा वाद एकाने जिंकला असं म्हणणं घाईचं होईल. माझ्या मते निवड आणि जुळवून घेणं या एकाच घटनेच्या दोन पायऱ्या आहेत. पण दोन्ही पक्षांना मान्य असलेली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: प्रथिन हललं नाही तर ओळख पटत नाही.

याच एन्झाइमभोवती विषाणूंनी केलेली एक करामत सांगितल्यावाचून राहवत नाही. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूवर जगणारे पीबीएस-१ आणि पीबीएस-२ नावाचे विषाणू आहेत. त्यांच्या डीएनएत थायमिनच नाही, सगळीकडे युरॅसिल. जिवाणूत शिरल्याबरोबर यूएनजीने त्यांची चाळण करायला हवी. तसं होत नाही, कारण हे विषाणू यूजीआय नावाचं ८४ अमिनो आम्लांचं प्रथिन तयार करतात. ते ऋणभारित असतं, डीएनएचं सोंग घेऊन यूएनजीच्या खाचेत जाऊन बसतं, आणि आपल्या एका खोलगट भागात त्याचं ते पोकळी बुजवणारं ल्युसीनच धरून ठेवतं. यूएनजी आणि यूजीआय यांच्या जोडीची एक रचना, ई. कोलायच्या एन्झाइमसह, बेंगळुरूच्याच गटाने १९९८ मध्ये मिळवली होती. आज हे यूजीआय प्रयोगशाळांत वापरलं जातं. डेव्हिड लिऊ यांच्या गटाने २०१६ मध्ये डीएनएतलं एकेक अक्षर बदलणारं साधन तयार केलं, ते सायटोसिनचं युरॅसिल करूनच काम करतं. पेशीतल्या यूएनजीने ते युरॅसिल लगेच काढून टाकू नये म्हणून साधनाला यूजीआय जोडलेलं असतं.

युरॅसिल सोडून दुसऱ्या बिघाडांकडे वळलं तर तीच कथा नव्या तपशिलांनी सामोरी येते. ग्वानिनवर ऑक्सिजन चढला की ८-ऑक्सोग्वानिन होतं. ते पुढे प्रत काढताना अॅडेनिनशीही जोडी जमवू शकतं, म्हणून घातक. आपल्या पेशीत ते शोधणारा एन्झाइम ओजीजी-१. हार्वर्डच्या ग्रेगरी वर्डाइन यांच्या गटाने २००५ मध्ये या एन्झाइमला रासायनिक बंधाने निरोगी डीएनएवर खिळवून ठेवलं आणि रचना पाहिली. साधं ग्वानिनही रांगेतून बाहेर आलेलं होतं. पण खऱ्या कप्प्यात नव्हे, पाचेक अँगस्ट्रॉम अलीकडे, दुसऱ्या एका जागी. यूएनजीच्या अर्ध्या वाटेवरच्या थायमिनची इथे आठवण होते. दोन एन्झाइमांची घडण वेगळी, तरी तपासणीची पद्धत सारखी: आधी बाहेर, मग देवडीवर चौकशी, मग आत. ओजीजी-१ डीएनएवर सरकतो तेही विलक्षण वेगाने. एकेका रेणूचा माग घेऊन २००६ मध्ये हे मोजलं गेलं, तेव्हा त्याची गती अशा सरकण्याच्या कमाल शक्य मर्यादेजवळ निघाली. मानवी यूएनजीची चाल वेगळी आहे. तो दहाएक जोड्यांपेक्षा कमी अंतर सरकतो, मग उडी मारून जवळच पुन्हा उतरतो.

आता जो एन्झाइम-संच सर्वांत अवघड काम करतो त्याकडे येऊ. उन्हातल्या अतिनील किरणांनी शेजारचे दोन बेस एकमेकांना चिकटतात. सिगारेटच्या धुरातली रसायनं बेसवर मोठे गट चढवतात. हे बिघाड नाना आकारांचे. एकेका आकारासाठी वेगळा कप्पा ठेवणं शक्य नाही. तरी एक्सपीसी नावाचं प्रथिन हे बहुतेक सगळे ओळखतं. कसं, याचा उलगडा त्याच्या यीस्टमधल्या भावंडाने, रॅड-४ ने केला. जुंग-ह्युन मिन आणि निकोला पाव्हलेटिच यांनी २००७ मध्ये त्याची रचना दिली. रॅड-४ आपल्या साखळीचं एक केसाच्या पिनेसारखं वळण डीएनएत खुपसतं आणि दोन जोड्यांचे बेस बाहेर येतात. थक्क करणारी गोष्ट ही की रॅड-४ बिघडलेल्या बेसना हातही लावत नाही. ते त्यांच्या समोरच्या, चांगल्या बेसना धरतं. बिघाडाला स्पर्श न करता बिघाड ओळखतं.

२०१५ मध्ये मिन आणि शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या अंजुम अन्सारी यांच्या गटांनी यावरचा निर्णायक प्रयोग केला. रॅड-४ ला बंधाने निरोगी डीएनएवर एकाच जागी खिळवून ठेवलं. त्याने निरोगी डीएनएसुद्धा उघडला, जवळपास बिघडलेला डीएनए उघडतो तसाच. म्हणजे आकारावर काहीच ठरत नव्हतं. मग निवड होते कशावर? वेळेवर. रॅड-४ एका जागी किती काळ थांबतं आणि तिथला डीएनए उघडायला किती काळ लागतो, यांची ही शर्यत आहे. निरोगी डीएनए उघडायला वेळ फार लागतो, तोवर रॅड-४ पुढे सरकलेलं असतं. बिघडलेल्या जागी डीएनए आधीच कमकुवत, तो लवकर उघडतो आणि रॅड-४ ला तिथेच अडकवतो. तापमान एकाएकी वाढवून केलेल्या मोजमापांत याच्या पायऱ्याही दिसल्या. आधी १०० ते ५०० दशलक्षांश सेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या आत, डीएनएला पीळ पडतो. नंतर ५ ते १० हजारांश सेकंदांत बेस बाहेर येतात. पहिली पायरी झटपट चाळणीची, दुसरी सावकाश खात्रीची.

या प्रयोगानंतर मला कुलूप-किल्लीची उपमा शाळेच्या पुस्तकात एकटी ठेवणं योग्य वाटत नाही. तिच्या शेजारी हे वेळेचं उत्तरही यायला हवं. आठवी-नववीतल्या मुलांना हे समजणार नाही, असं मला मुळीच वाटत नाही.

हे सगळं ज्यांच्या बाबतीत बिघडतं त्यांची अवस्था वैद्यकाला बरीच आधीपासून माहीत आहे. झेरोडर्मा पिग्मेंटोझम या आजारात लहानपणीच उन्हाने त्वचेवर डाग पडतात आणि कमी वयात त्वचेचे कर्करोग होतात. या रुग्णांच्या पेशींत दुरुस्तीच होत नाही, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवलं. एक्सपीसीच्या जनुकातला दोष हे त्याचं एक कारण. या मुलांना उन्हापासून आयुष्यभर जपावं लागतं. यूएनजीच्या दोषाचा आजार वेगळाच निघाला. आपल्या प्रतिकारपेशी अँटिबॉडी बदलण्यासाठी त्यांच्या जनुकांत मुद्दाम सायटोसिनचं युरॅसिल करतात, आणि पुढचं काम यूएनजीवर सोपवतात. २००३ मध्ये यूएनजी नसलेले रुग्ण आढळले. त्यांच्या रक्तात आयजीएम या पहिल्या प्रकारच्या अँटिबॉडी भरपूर होत्या, पण पुढचे प्रकार तयार होत नव्हते. त्यांना जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होत राहतात.

हे प्रकरण वाचून झालं की एक काम करा. प्रोटीन डेटा बँक हा प्रथिनांच्या रचनांचा जागतिक संग्रह १९७१ पासून चालू आहे आणि इंटरनेटवर कुणालाही फुकट खुला आहे. तिथे इंग्रजी अक्षरांत १-ए-के-झेड हा क्रमांक घाला. मोकळा मानवी यूएनजी दिसेल. मग १-एस-एस-पी घाला. तोच यूएनजी डीएनएवर बसलेला दिसेल. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा आणि सावकाश फिरवून पाहा. आधी खाचेच्या दोन्ही कडांमधलं अंतर बघा, मग २७२ क्रमांकाचं ल्युसीन शोधा. शेवटी २-ओ-एक्स-एम उघडा. २००७ मधलं, अर्ध्या वाटेवर धरलेलं थायमिन तिथे आहे. या तीन चित्रांच्या मधलं जे दिसत नाही, ते मोजण्याचं काम अजून चालू आहे, आणि त्याला रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व गणित या तिन्हींची जाण असलेली तरुण मंडळी हवी आहेत.